पाळक राजकारणात, सही मात्र सचिवाची

प्रश्न : वकीलसाहेब, सप्रेम नमस्कार. वास्कोतल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत साठेक कुटुंबे आहेत, बहुतेक नगर-सोलापूरकडून कामधंद्यासाठी आलेली. मंडळीचा ट्रस्ट नोंदलेला आहे आणि मी त्याचा सचिव. आमचे पाळक मनाचे चांगले, पण अलीकडे राजकारणात फार रमलेत. विधानसभेसाठी इच्छुक असलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला शंभर खुर्च्या दिल्या. दोन रविवारांपूर्वी पाळकांनी त्यांना भर उपासनेत पुढे बोलावले, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि म्हणाले, ‘यांनाच मत द्या. जो देणार नाही त्याच्या घरावर आशीर्वाद राहणार नाही.’ आता त्यांच्या पक्षाच्या बैठकीला प्रार्थनालयाचा हॉल द्यायचा ठराव माझ्या सहीने व्हायचा आहे. पाळक म्हणतात, देवळांतही हेच चालते. कॅथलिक फादरांना तर निवडणुकीला उभेच राहता येत नाही म्हणे, मग पाळकांना हे चालते का? मी सही करू का? मंडळी फुटू नये एवढीच इच्छा.
– एक सचिव, वास्को

उत्तर : सही करू नका. आता कारण सांगतो.

पाळकांनी राजकारण करू नये असे आपला कायदा कुठेच म्हणत नाही. ज्या सभेने राज्यघटना लिहिली तिच्यातच जेरोम डिसोझा हे जेझुइट फादर होते, खासी टेकड्यांतले रेव्हरंड निकोल्स रॉय होते. मठाचे महंत मुख्यमंत्री झालेले तर आपण बघतोच आहोत. कॅथलिक फादरांना अडवतो तो त्यांच्या चर्चचा १९८३ चा कायदा. त्यातले कलम २८५ त्यांना राज्यसत्तेची पदे घेऊ देत नाही आणि कलम २८७ बिशपांच्या संमतीवाचून पक्षकार्यात पडू देत नाही. तो त्यांचा घरचा नियम. तुमच्या स्वतंत्र मंडळीच्या पाळकांना तो लागू नाही. उद्या त्यांनी पक्षाचे पद घेतले किंवा स्वतःच उमेदवारी अर्ज भरला तरी कायदा आड येणार नाही. ट्रस्टला परदेशातून देणगी येत असेल तर मात्र त्यांनी आधी ट्रस्टमधून बाहेर पडावे, कारण उमेदवाराला आणि पक्षाच्या पदाधिकाऱ्याला परदेशी देणगी घेता येत नाही.

माणसाला मोकळीक आहे. जागेला आणि उपासनेला नाही. पंजाब पेटलेला असताना, १९८८ साली, धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखणारा एक केंद्रीय कायदा झाला. देवस्थानात शस्त्रे साठवू नयेत एवढ्यासाठीच तो आहे, असा पुष्कळ वकिलांचाही समज असतो. शस्त्रांचे कलम चौथे. त्याच्या आधीचे तिसरे कलम म्हणते की धार्मिक संस्थेची जागा राजकीय कामाला वापरायची नाही, वापरू द्यायची नाही. पाचवे संस्थेच्या पैशाबद्दल तेच सांगते, आणि सहावे संस्थेच्या छत्राखाली भरलेल्या मेळाव्याबद्दल. तुमची रविवारची उपासना या सहाव्यात बसते. मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च, सगळ्यांना हा कायदा सारखाच. देवळांत चालते हे पाळकांचे म्हणणे खोटे नाही, पण कोर्टात ते बचाव म्हणून टिकत नाही.

आता तुमच्यापुरते बोलतो. या कायद्यात ‘व्यवस्थापक’ म्हणजे एकटे पाळक नव्हेत. संस्थेचा कारभार एकट्याने किंवा इतरांसोबत पाहणारा प्रत्येकजण त्यात येतो, म्हणजे सचिव आलाच. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. शिवाय दोष सिद्ध झाला की संस्थेतले पद जाते आणि सहा वर्षे कुठल्याही धार्मिक संस्थेत पद घेता येत नाही. हॉलच्या ठरावाखाली पाळकांची सही नसेल, तुमची असेल. भाषण कोणी केले ते साक्षीदार विसरतात, कागद विसरत नाही.

‘अजून आचारसंहिता कुठे लागलीय?’ असे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. हे अर्धे खरे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मधली भ्रष्ट आचरणे उमेदवाराला चिकटतात, आणि त्या कायद्यात उमेदवार म्हणजे रीतसर नामांकन झालेला. तुमचे गृहस्थ आज नुसते इच्छुक. पण १९८८ च्या कायद्याला मोसम नाही. पक्षाच्या ध्येयधोरणांचा प्रचार प्रार्थनालयात बाराही महिने निषिद्ध.

नामांकनानंतर तेच शब्द व्यासपीठावरून निघाले तर प्रकरण आणखी जड होईल. धर्माच्या नावाने मत मागण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन असा निकाल दिला. धर्म उमेदवाराचा असो की मतदाराचा, दोन्ही चालणार नाहीत. (तो वाद १९९० च्या सांताक्रूझच्या निवडणुकीचा होता, मुंबईतले, आपल्या गोव्यातले नव्हे.) तुमच्या पाळकांचे वाक्य मात्र त्याहून धोक्याचे. देवाच्या अवकृपेची भीती घालून मत वळवणे हा कलम १२३(२) प्रमाणे गैरवाजवी दबाव ठरतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम १७१ खाली गुन्हाही. नामधारी शिखांच्या सद्गुरूंनी काढलेल्या हुकुमावरचा रामदयाल विरुद्ध संतलाल हा १९५९ चा निकाल पाळकांना जरूर वाचून दाखवा. धर्मगुरूला उमेदवाराबद्दल मत सांगता येते, त्याच्यासाठी फिरताही येते, पण भक्ताला निवडीची मोकळीक उरणार नाही असे बोलता येत नाही, असे न्यायालय म्हणाले. मला हा निकाल आवडतो, कारण तो पाळकाची जीभ कापत नाही.

आता करायचे काय? ठराव बैठकीत आला तर विरोध तोंडी ठेवू नका, इतिवृत्तात नावासकट लिहून घ्या. पाळकांना आणि वडीलजनांना चार ओळींचे पत्र द्या आणि पोच घ्या. बैठक बाहेरच्या एखाद्या सभागृहात घ्यावी, पाळकांनी तिथे साधे नागरिक म्हणून यावे, असा पर्याय त्यातच सुचवा. वीस वर्षांच्या वकिलीत माझा अनुभव असा की ‘नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘तिथे करू’ म्हणणाऱ्याचे लोक लवकर ऐकतात. मंडळी न फुटण्याची शक्यता याच वाटेवर जास्त.

एक अप्रिय गोष्टही सांगायलाच हवी. उल्लंघन झाले असेल किंवा होऊ घातले असेल तर पोलिसांना कळवण्याचे बंधन याच कायद्याने व्यवस्थापकावर घातले आहे. झालेला रविवारही त्यात येतो. म्हणून इतिवृत्ताची वही घेऊन याच आठवड्यात एखाद्या वकिलाला प्रत्यक्ष भेटा. काय, किती आणि कोणत्या शब्दांत कळवायचे हे त्याच्यासमोर बसून ठरवा. त्या उपासनेची क्लिप मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असणारच. ती पुढे पाठवू नका आणि पुसूही नका.

खुर्च्यांचे प्रकरण त्या मानाने किरकोळ. बिनअटीची देणगी असेल तर ट्रस्टच्या नावाने पावती फाडा, नोंदवहीत चढवा. पाठीवर देणाऱ्याचे नाव किंवा निशाणी रंगवली असेल तर खरवडून काढा. मतांच्या बोलीवर आल्या असतील तर टेम्पो बोलवा आणि शंभरही परत पाठवा, भाडे ट्रस्टने भरले तरी चालेल.