साफ्टा, आसियान यांसारख्या व्यापार करारांनी गरीब देशांची वाढ होते का, गरिबी हटते का?

प्रश्नात साफ्टाचं, म्हणजे भारत-बांगलादेशसह दक्षिण आशियातल्या सार्क देशांमधल्या मुक्त व्यापार कराराचं, नाव दिसलं म्हणून लिहायला बसलो.

भांडुपच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत दादाचा आणि माझा गाळा होता. २२ मशिनी. शाळा, सिक्युरिटी, हॉटेल स्टाफ यांचे पॉलिएस्टर मिक्स शर्ट. २०११ मध्ये साफ्टाखाली भारताने दारू-तंबाखूच्या २५ वस्तू सोडून बाकी सगळ्या मालावर बांगलादेशला शून्य शुल्क दिलं, तेव्हा आम्हाला पत्ताही नव्हता. झळ लागली ती जीएसटीनंतर. जुलै २०१७ पर्यंत आयात कपड्यांवर तरीही काउंटरव्हेलिंग शुल्क (देशातल्या उत्पादन शुल्काची बरोबरी करणारं जादा शुल्क) बसायचं, ते गेलं. त्याच दिवाळीच्या सुमारास आमच्या व्यापाऱ्याने ढाक्याचा एक शर्ट समोर टाकला. मी शिवण उलटसुलट करून बघितली, खोट काढायला जागा नव्हती. भाव आम्हाला जो शर्ट पडायचा त्याच्याही खाली.

मार्च २०१९ ला गाळा बंद केला. दादाचं तेव्हापासून एकच पालुपद: बांगलादेशने मारलं, करार फाडून टाका. मला ते पटत नाही, आणि त्यावरून आम्ही आईसमोर भांडलोय. ढाक्याचा कारखानदार निर्यातीसाठी चिनी कापड शुल्क न भरता आणतो, शर्ट शिवतो, साफ्टाच्या नियमाप्रमाणे ३० टक्के मूल्यवाढ (मालाच्या किमतीत आपल्या देशात पडलेली भर) दाखवतो, की शर्ट न्हावा शेवाला शून्य शुल्कात उतरला. तेच कापड मी मागवलं तर पूर्ण सीमाशुल्क. आपण शर्टाला दार उघडलं आणि कापडाला कडी लावली. मारलं ते त्या कडीने.

आमच्याकडची माणसं कुठे गेली? ओव्हरलॉकवाला बिहारचा पोरगा आठवड्यात भिवंडीच्या गोदामात लागला. कटिंग मास्टर सुरतेला गेले. काजबटनाच्या मावशी नऊ वर्षं होत्या, वय ५२. त्या मुलुंडला धुण्याभांड्याला लागल्या, पगार निम्म्यावर आला. त्यांना एक महिन्याच्या पगारापलीकडे आम्ही काही दिलं नाही, सरकारनेही नाही. ते मला अजून सलतं. म्हणून म्हणतो, वाढ होते, पण गरिबी त्याची हटते ज्याला दुसरं काम धरता येतं. बाकीच्यांसाठी वेगळी तरतूद नसेल तर असले करार अर्धवट आहेत.

आणि दक्षिण आशियात व्यापार जुळलाय तरी कुठे? सार्क देशांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या जेमतेम ५ टक्के, आग्नेय आशियाई देशांच्या आसियान गटाचा २० टक्क्यांच्या वर. बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोलला ट्रक दिवसेंदिवस रांगेत असायचे. बांगलादेशातल्या लाखो बायकांच्या हातात पगार आला तो मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या ऑर्डरींमुळे, साफ्टामुळे नाही. तो आला याचा मला आनंदच आहे, त्याही आमच्या मावशींसारख्याच.

आमचं भाडं वाढलं होतं, व्यापाऱ्यांकडे उधारी अडकली होती, हेही खरं. सगळं खापर शुल्कावर फोडत नाही.

मे २०२५ मध्ये सरकारने बांगलादेशी कपडे जमिनीवरून आणायला बंदी केली, फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदर ठेवलं. दादाचा त्याच रात्री फोन, "बघ, आता कसं!" मी विचारलं, कापडावरचं शुल्क उतरलं का? त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तुम्ही या विषयावर अभ्यास करत असाल तर कुठलाही करार वाचताना तयार मालाचं शुल्क आणि त्याला लागणाऱ्या कच्च्या मालाचं शुल्क शेजारी शेजारी मांडून बघा. दादाला मी हे सहा वर्षं सांगतोय.