वॉशिंग्टन आडनावाचे सगळे जॉर्ज वॉशिंग्टन यांचे वंशज असतात का?

तुमच्या ऑफिसातल्या कृष्णवर्णीय अमेरिकन सहकाऱ्याचं आडनाव वॉशिंग्टन आहे, म्हणून तुम्ही हे विचारलंय. जॉर्ज वॉशिंग्टन यांना स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे त्यांचा थेट वंशज कुणीच नाही. पण या आडनावाचा प्रवास जाणून घेण्यासारखा आहे.

मूळ इंग्लंडच्या ईशान्येला, डरहॅम भागातल्या वॉशिंग्टन गावात. बाराव्या शतकात विल्यम डी हर्टबर्न या जमीनदाराने आपलं हर्टबर्न गाव देऊन डरहॅमच्या बिशपकडून हे गाव बदल्यात घेतलं. ११८३च्या बोल्डन बुक या महसुली दप्तरात तशी नोंद आहे. गाव बदललं तसं घराण्याचं नावही बदललं. ही अदलाबदल झाली नसती तर अमेरिकेच्या राजधानीचं नाव आज हर्टबर्न असतं!

पुढे या घराण्याची एक शाखा लँकेशायरमध्ये गेली. तिथला लॉरेन्स लोकरीच्या व्यापारात पुढे आला आणि नॉर्थॅम्प्टनचा महापौर झाला. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने मठांच्या जमिनी जप्त करून विकायला काढल्या, तेव्हा १५३९मध्ये त्याने सलग्रेव्हची जमीन घेतली. तिथलं त्यांचं घर आजही पाहता येतं. घराण्याच्या ढालीवरच्या दोन आडव्या पट्ट्या आणि तीन तारे अमेरिकेच्या राजधानीच्या झेंड्यावर आहेत.

इंग्लंडमधल्या यादवी युद्धाच्या काळात, १६४३मध्ये, याच घराण्यातल्या एका पाद्र्याला चर्चमधल्या पदावरून काढलं गेलं. त्याचा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारासाठी जहाजावर चढला आणि अमेरिकेतल्या व्हर्जिनियातच स्थायिक झाला. जॉर्ज हे या जॉनचे पणतू.

आता तुमच्या सहकाऱ्याबद्दल. २०००च्या अमेरिकन जनगणनेत हे आडनाव सुमारे १ लाख ६३ हजार लोकांचं होतं आणि त्यातले जवळपास ९० टक्के कृष्णवर्णीय होते. वॉशिंग्टन कुटुंबाकडे गुलाम होते हे खरं, पण तेवढ्याने हा आकडा समजत नाही. मालकांनी कागदावर आडनाव लिहिलं नाही तरी अनेक गुलाम आपसात आडनाव लावत. स्वातंत्र्यानंतर कित्येकांनी ते स्वतः निवडलं, आणि ते मालकाचंच असे असं नाही. शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन गुलामगिरीत जन्मले. शाळेत नाव विचारलं तेव्हा बाकी मुलं दोन-दोन नावं सांगत होती. या मुलाला फक्त 'बुकर' म्हणत. त्याने शांतपणे 'बुकर वॉशिंग्टन' असं सांगितलं. वॉशिंग्टन हे त्याच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव होतं. माझ्या मते या आडनावाच्या सगळ्या इतिहासात याहून मोठा क्षण नाही.

सहकाऱ्याला आपलं कूळ शोधायचं असेल तर १८७०च्या जनगणनेपासून सुरुवात करायला सांगा. मुक्त झालेल्या गुलामांची नावं पहिल्यांदा तिच्यात सरसकट लिहिली गेली. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली बहुतेक वेळा नुसतं वय, लिंग आणि रंग सापडतो, म्हणून त्याआधीचा शोध मालकांची मृत्युपत्रं आणि मालमत्तेच्या नोंदी यांतून घ्यावा लागतो.