कोल्हापुरात बोअरला पाणी वाढावे म्हणून करतात ते जलभंजन आणि शेल या गाळाच्या खडकातील वायूसाठीचे फ्रॅकिंग एकच आहे का?

तत्त्व एकच असले, तरी दोन्हींच्या व्याप्तीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जलभंजनात पॅकरने, म्हणजे फुगणाऱ्या रबरी बुचाने, बोअर आवळून केवळ पाणी दाबाने सोडतात, ज्यामुळे काळ्या पाषाणातील बुजलेल्या भेगा मोकळ्या होतात. शेलमध्ये मात्र बहुधा दोन-तीन किलोमीटर खोलीवर आडवे छिद्र घेऊन पाणी, वाळू आणि थोडी रसायने घुसवतात. दाब काढल्यावर भेगा पुन्हा मिटू नयेत म्हणून वाळूचे कण त्यांत अडकून राहतात आणि वायूला वाट मिळते. परत वर येणारे खारट, दूषित पाणी ही माझ्या मते खरी डोकेदुखी आहे. कोल्हापूर शहराच्या परिसरात बेसाल्ट, म्हणजे हाच काळा पाषाण, असल्याने बोअरमधून अशा वायूची आशा धरू नये. ओएनजीसीला तो २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील दुर्गापूरजवळ सापडला होता.