गरोदरपणात सर्ट्रालिन लगेच बंद करावी का?

नाही, दुसरा महिना लागलाय म्हणून चालू असलेली सर्ट्रालिन, म्हणजे नैराश्यावरची गोळी, स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांनाही सांगा. बाळाला धोका अजिबात नाही असं नाही, पण गोळी सोडण्याचा धोकाही खरा आहे. २००६ साली अमेरिकेतल्या ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात, गरोदरपणी गोळ्या सोडणाऱ्यांपैकी ६८ टक्के बायकांचं नैराश्य उलटलं. चालू ठेवणाऱ्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. नैराश्य उलटलं की जेवण, झोप, तपासण्या सगळंच सुटतं, आणि ते बाळालाही भोवतं. शेवटच्या महिन्यांत गोळी चालू असेल तर काही बाळं जन्मानंतर थोडे दिवस किरकिरी, थरथरणारी असतात, दूध नीट ओढत नाहीत. बहुतेकदा हे आपोआप निवळतं, मात्र प्रसूतीच्या वेळी बालरोगतज्ज्ञांना गोळीची कल्पना हवीच. फुप्फुसांतला रक्तदाब वाढण्याचा गंभीर त्रास अगदी क्वचित, एरवी हजारात दोन बाळांना होतो, गोळी चालू असेल तर साधारण तीन. हे सगळं सर्ट्रालिनबद्दल झालं. गोळी पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरचीच दुसरी गोळी असती तर हिशोब वेगळा: पहिल्या तिमाहीत हृदयातल्या दोषाचा धोका थोडा वाढतो, म्हणून डॉक्टर बऱ्याचदा ती बदलतात. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला आत्ताच फोन करा.