निर्णय कुणाचा, ते आधी बघ

प्रिय मुली,

तुझा मेसेज दोनदा वाचला. आयसीयूत इतकी वर्षं नर्स, व्हेंटिलेटरचा कोर्स, ईसीजीचा कोर्स, आणि तरी तुला कळत नाही की आपण 'ॲडव्हान्स्ड' झालो की नुसत्याच सीनियर. बरं झालं विचारलंस. ठाण्यापासून बेलापूरपर्यंत हा घोळ चालू आहे आणि जो तो बॅजवरचं पद बघून गप्प बसतो.

निर्णय कुणाचा, ते बघ. बाकी सगळं नंतर.

रात्री तीनला, नुकतीच श्वासाची ट्यूब काढलेला पेशंट. ऑक्सिजन सॅच्युरेशन ९६, मॉनिटर गप्प. पण श्वास मिनिटाला १८ वरून ३० वर गेलाय आणि त्याला एक वाक्य सलग बोलवत नाही. हे टिपून आरएमओला, म्हणजे ड्युटीवरच्या डॉक्टरला, फोन करणं तुला पहिल्या वर्षापासून येतं. पण पेशंटला आपण स्वतः तपासायचं, कारण शोधायचं, बायपॅप (मास्कमधून श्वासाला आधार देणारं यंत्र) लावायचा की परत ट्यूब टाकायला माणूस बोलवायचा हे ठरवायचं, वेळ घालून आपल्या सहीने लिहायचं आणि सकाळच्या राउंडला त्याचं उत्तर द्यायचं, तो वरचा, 'ॲडव्हान्स्ड' स्तर.

इंग्लंडने २०१७ साली ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिसचा आराखडा केला तेव्हा नर्स, फिजिओ, फार्मासिस्ट, पॅरामेडिक सगळ्यांना हेच माप लावलं: हा कामाचा स्तर आहे, शिक्षण मास्टर्सच्या तोडीचं हवं, आणि रुग्णसेवेसोबत नेतृत्व, शिकवणं, संशोधनही हवं. आपल्याकडे इंडियन नर्सिंग कौन्सिलचा क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकायचा, अभ्यासक्रम आहे. तो कर. सुट्टे कोर्स गोळा करणं आता पुरे!

आणि करून आलीस की हॉस्पिटलला विचार, यातले कोणते निर्णय माझे? लेखी माग. तोंडी दिलेला अधिकार पेशंट बिघडला की कुणाला आठवत नाही.

आमच्या वेळी वर जायचं म्हणजे ऑफिसात जायचं. ड्युटी लिस्ट, सामानाचे इंडेंट, रजेचे अर्ज. मी नाही गेले. पगार तिथेच अडला, माझ्या हाताखाली शिकलेल्या मुली माझ्या वर गेल्या, त्याची खंत आहे. पण खाटेजवळ उभं राहून निर्णय घेणारं माणूस खालचं कसं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही, आणि मी पटवून घेणारही नाही.

तेव्हा गेल्या महिन्यातल्या नाइट ड्युट्या आठव. कोणते निर्णय खरे तुझे होते, कोणावर सही दुसऱ्याची झाली, लिहून काढ. कागद घेऊन रविवारी कळव्याला ये. जेवायलाच ये.

तुझी,
मॅडम