चालायला सुरुवात केली की नडगी दुखते. ती दुखू नये म्हणून सुरुवात कशी करावी?

पहिले दोन आठवडे दिवसाआड १० ते १५ मिनिटंच, सपाट जमिनीवर, सहज बोलता येईल एवढ्या वेगाने चाला. मग दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवा. टाच टेकल्यावर पाऊल फटकन आपटू नये म्हणून नडगीच्या बाहेरच्या अंगाचा स्नायू ते सावकाश खाली सोडतो. लांब टांगा टाकल्या किंवा एकदम वेग वाढवला की नवख्या माणसाचा हाच स्नायू आधी थकतो. पाऊल आपटल्याचा ‘फट फट’ आवाज येऊ लागला, की तिथेच वेग कमी करा. पावलं आखूड ठेवा, टाच शरीराच्या फार पुढे पडू देऊ नका. दम वाढला म्हणून अंतर वाढवण्याचा मोह होतो, तो खरंच टाळा. हाडं दमापेक्षा सावकाश सरावतात. टाचेला एका बाजूने झिजलेले बूट बदला. शिवाय रोज:

- भिंतीला पाठ टेकून, टाचा वीतभर पुढे ठेवून चवडे उचलणे, १५ वेळा
- पोटरीला ताण, प्रत्येकी ३० सेकंद

मात्र हाडावर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ येत असेल किंवा बसल्या जागीही ठणकत असेल, तर चालणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते.