अफगाण, पठाण, पश्तून : कोणता शब्द कुठे?

प्रश्न असा आहे : एका इतिहासविषयक लेखाच्या अनुवादात "१८९३ साली इंग्रजांनी अफगाणांचा मुलूख मधोमध तोडला" असे वाक्य होते. संपादकांनी 'अफगाणांचा' खोडून 'पठाणांचा' केले. यातले बरोबर कोणते? हल्ली वर्तमानपत्रांत दिसणारा 'पश्तून' हा शब्द याच अर्थाचा का? आणि 'अफगाणी लोक' लिहिणे चूक आहे का?

त्या वाक्यात मी 'पश्तुनांचा' लिहीन. 'अफगाण' आणि 'पठाण' हे दोन्ही शब्द त्याच लोकांना लावले गेले आहेत, पण दोन्ही दुसऱ्यांनी दिलेले आहेत, आणि १८९३ साली अफगाणिस्तान आणि इंग्रजी हिंदुस्थान यांच्यामध्ये जी सीमारेषा आखली गेली तिच्यामुळेच या दोन शब्दांचे अर्थ एकमेकांपासून आणखी दूर गेले. म्हणून नेमक्या त्याच सालाबद्दल लिहिताना त्यांची अदलाबदल करणे मला फार खटकते.

'अफगाण' हा शब्द जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत 'अवगाण' येतात. पुढे फारसी लिहिणारे या लोकांना अफगाणच म्हणत आले. बाबर काबूलचे वर्णन करताना त्याच्या दक्षिणेकडच्या मुलखाला 'अफगाणिस्तान' म्हणतो. तेव्हा त्या नावाचे राज्य नव्हते. अफगाण टोळ्या राहतात तो डोंगराळ भाग, एवढाच त्याचा अर्थ होता. काबूल शहर त्याच्या लेखी त्यात येत नव्हते.

हे लोक स्वतःला मात्र पश्तून म्हणतात, किंवा पख्तून. दोन्ही एकच. पश्तो लिपीत त्यासाठी एक खास अक्षर आहे. कंदाहारकडे त्याचा उच्चार आपल्या मूर्धन्य 'ष'सारखा होतो आणि पेशावरकडे 'ख' होतो. म्हणून एकाच भाषेला कुणी पश्तो म्हणते, कुणी पख्तो. मराठीत आपण 'ष' लिहितो खरा, पण बोलताना त्याचा 'श' करून टाकतो. कंदाहारी माणसाच्या तोंडी तो अजून जिवंत आहे. पश्तूनचे अनेकवचन 'पश्ताना', पेशावरी बोलीत 'पख्ताना'. तेच हिंदुस्थानात येता येता 'पठाण' झाले. पैगंबरांनी कैस अब्दुर रशीद या मूळपुरुषाला जहाजाच्या तळाच्या लाकडावरून 'बथान' ही पदवी दिली, तिचा 'पठाण' झाला, अशी एक कथा आहे. जहांगीराच्या दरबारात लिहिलेल्या अफगाणांच्या इतिहासात ती सापडते. कथा म्हणून ती वाचावी. व्युत्पत्ती म्हणून 'पख्ताना'च पटते.

ही व्युत्पत्ती आणि हा उच्चारभेद टिपून ठेवणाऱ्यांत एक माणूस आपल्या ओळखीचा आहे. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पुढे पुण्यात बाजीरावाच्या दरबारी रेसिडेंट आणि १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर झालेला तोच. १८०७ साली नेपोलियनने इराणच्या शहाशी तह केला आणि फ्रेंच फौज इराणमार्गे हिंदुस्थानावर येईल या भीतीने कलकत्त्याची झोप उडाली. म्हणून १८०८ साली एल्फिन्स्टनला काबूलचा राजा शाह शुजा याच्याकडे वकील म्हणून पाठवले. १८०९ साली पेशावरला तह झाला आणि थोड्याच दिवसांत शुजाचे तख्त गेले. एल्फिन्स्टनने काबूल पाहिलेच नाही. पण पेशावरच्या मुक्कामात त्याने लोकांना विचारून विचारून इतकी माहिती जमवली की तिचा १८१५ साली मोठा ग्रंथ झाला. त्यात त्याने स्वच्छ लिहून ठेवले आहे की अफगाण हे नाव या लोकांना फारसीतून माहीत आहे, त्यांचे स्वतःचे नाव पश्तून, आणि पूर्वेकडच्या टोळ्यांच्या 'ख'वाल्या उच्चारावरून हिंदुस्थानातला पठाण हा शब्द आला. फ्रेंचांच्या भीतीपोटी निघालेल्या वकिलातीतून हे भाषिक टिपण हाती यावे, हे मला फार मोलाचे वाटते.

जुन्या मराठीत याच लोकांसाठी आणखी दोन शब्द आहेत. 'रोहिला' हा 'रोह' म्हणजे डोंगराळ मुलूख यावरून आलेला. तिकडून येऊन गंगेच्या खोऱ्यात स्थायिक झालेले ते रोहिले, त्यांच्यावरून रोहिलखंड. निजामाच्या राज्यात अरबांबरोबर रोहिलेही पदरी असत, त्यामुळे मराठवाड्याला हा शब्द वेगळा सांगावा लागत नाही. दुसरा शब्द 'गिलचा'. पानिपतच्या बखरींत अब्दालीच्या फौजेला सरसकट गिलचे म्हटले आहे. शब्द 'घिलजी' या टोळीनामावरून आला, पण अब्दाली स्वतः घिलजी नव्हता. उलट घिलजी आणि अब्दाली या कंदाहारच्या दोन परस्परविरोधी टोळ्या. १७०९ साली मीरवैसच्या नेतृत्वाखाली कंदाहारात इराणच्या सफवींविरुद्ध उठले ते घिलजी. १७२२ साली इस्फहान घेतले तेही घिलजी. नादिरशहाने १७३८ साली त्यांच्याकडून कंदाहार घेतले आणि अब्दालींना हाताशी धरले. १७४७ साली नादिरशहाचा खून झाल्यावर त्याच्याच फौजेतल्या अहमदशहाला टोळीप्रमुखांनी निवडले. त्याने 'दुर्र-इ-दुर्रान', म्हणजे मोत्यांतला मोती, असा किताब घेतला आणि तेव्हापासून अब्दाली 'दुर्राणी' झाले. आपण मात्र आजही अब्दालीच म्हणतो. ते चूक नाही, फक्त बखरीतला 'गिलचा' आजच्या लिखाणात 'घिलजी' करू नये. अर्थ बदलतो.

आता १८९३. एकोणिसाव्या शतकात रशिया मध्य आशियातून खाली सरकत होता आणि इंग्रज सिंधूकडून वर. दोघांच्या सीमा एकमेकींना भिडू नयेत म्हणून मध्ये एक देश हवा होता. १८३९ साली इंग्रजांनी शुजाला पुन्हा तख्तावर बसवून पाहिले. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून परतणारी सगळी फौज वाटेत कापली गेली. दुसऱ्या अफगाण युद्धानंतर अब्दुर रहमान अफगाणिस्तानचा अमीर, म्हणजे राज्यकर्ता झाला. त्याला पैसा आणि हत्यारे द्यायची, परराष्ट्र व्यवहार मात्र आपल्या हाती ठेवायचा, असा सौदा ठरला. उत्तरेची हद्द रशिया आणि इंग्रजांनी आपसांत आखली. पामीरमध्ये दोन साम्राज्यांच्या मध्ये पाचर राहावी म्हणून वाखानचा चिंचोळा पट्टा १८९५ साली अमिराच्या गळ्यात घातला.

दक्षिण-पूर्वेची रेघ हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव मॉर्टिमर ड्युरंड याने काबूलला येऊन ठरवली. करार १२ नोव्हेंबर १८९३ चा. अमिराचे वर्षासन बारा लाख रुपयांवरून अठरा लाखांवर गेले. बिरमल अमिराकडे राहिले, बाकी वझिरिस्तानावरचा हक्क त्याने सोडला. मोहमंद टोळीचे काही लोक या बाजूला, काही त्या बाजूला राहिले. म्हणजे तुटला तो पश्तुनांचा मुलूख.

त्याच वर्षांत अमीर हजारा जमातीवर मोहीम चालवत होता, आणि लवकरच त्याने काफिरिस्तान जिंकून त्याचे नूरिस्तान केले. ताजिक, उझबेक, हजारा हे सगळे या नव्याने रेखलेल्या चौकटीत आले, आणि चौकटीचे नाव होते अफगाणिस्तान. रेघेच्या अलीकडच्या पश्तुनाला इंग्रजांच्या दप्तरात बहुधा 'पठाण' म्हणत, पलीकडच्याला 'अफगाण'. माणूस एक, पण तो रेघेच्या कोणत्या बाजूला राहतो यावर त्याचे नाव ठरू लागले. म्हणून 'अफगाणांचा मुलूख तोडला' म्हटले तर आजचा वाचक देशाचे तुकडे झाले असे समजेल, आणि 'पठाणांचा' म्हटले तर रेघेची फक्त अलीकडची बाजू डोळ्यांपुढे येईल.

याउलट १८४१-४२ च्या काबूलच्या उठावाबद्दल लिहिताना 'अफगाण' ठीक. त्या उठावात पश्तुनांबरोबर कोहिस्तानातले ताजिकही होते, तिथे 'पठाणांनी' लिहिणे अपुरे पडते. मुंबईत कुलाब्याच्या 'अफगाण चर्च'मध्ये हा शब्द आणखीनच वेगळ्या अर्थाने बसला आहे. ते अफगाणांचे चर्च नव्हे. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या इंग्रजी फौजेतल्या लोकांचे ते स्मारक आहे, १८५८ साली उघडलेले.

विसाव्या शतकात हे अर्थ कायद्यात उतरले. अफगाणिस्तानच्या १९६४ च्या राज्यघटनेने ठरवले की देशाचा प्रत्येक नागरिक अफगाण, मग तो कोणत्याही वंशाचा असो. रेघेच्या या बाजूला खान अब्दुल गफारखान आणि त्यांचे सहकारी आपल्या लोकांसाठी 'पख्तून' हेच नाव मागत राहिले. १९४७ च्या जूनमध्ये बन्नूला त्यांनी पाकिस्तान किंवा हिंदुस्थान यांऐवजी पख्तुनिस्तानाचा पर्याय मागितला. तो सरहद्द प्रांतातल्या सार्वमताच्या मतपत्रिकेवर आलाच नाही. सरहद्द प्रांताला 'खैबर पख्तुनख्वा' हे नाव मिळायला २०१० साल उजाडले. सरहद्द गांधींना मराठीत आपण प्रेमाने 'पठाण' म्हणतो, त्यात मला काही गैर वाटत नाही. 'पठाणी व्याज' आणि 'पठाणी वसुली' मात्र मनाला लागतात. गिरणगावात पगाराच्या दिवशी दारात उभ्या राहणाऱ्या सावकारांवरून ते आले. काही सावकारांचा व्यवसाय अख्ख्या समाजाच्या नावाला चिकटला. मी ते वापरत नाही. 'सक्तीची वसुली' म्हटले की काम भागते.

राहिले 'अफगाणी'. विशेषण म्हणून मराठीत ते नैसर्गिक आहे : अफगाणी गालिचा, अफगाणी सुकामेवा. पण माणसाला 'एक अफगाणी' म्हणू नये. अमानुल्लाखानाच्या काळात, १९२०च्या दशकात काबुली रुपया जाऊन 'अफगाणी' हे चलन आले, त्यामुळे तिथल्या माणसाला हा शब्द ऐकून नाण्याचीच आठवण होते आणि रागही येतो. उझबेक माणूस, तुर्क माणूस, तसाच अफगाण माणूस.

मात्र आजच्या अफगाणिस्तानातल्या हजारा किंवा ताजिक माणसाबद्दल लिहिताना जपावे. कायद्याने तो अफगाण आहे, पण २०१८ साली तिथे नवी इलेक्ट्रॉनिक ओळखपत्रे निघाली तेव्हा त्यांवर 'अफगाण' हा शब्द छापण्यावरून मोठा वाद झाला, कारण अनेकांच्या कानी तो अजूनही पश्तूनच ऐकू येतो. अशा ठिकाणी 'अफगाणिस्तानातला हजारा' असे लांब लिहावे लागले तरी लिहावे.